पद्मिनीच्या रेडिएटरवरचे बावीस दसरे कसे उतरवू?

किल्लीधारी

नमस्कार मंडळी,

घरात १९८८ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी कोरी घेतलेली, आता माझ्याकडे. गेल्या महिन्यात जेजुरीला निघालो होतो. दिवे घाटात, खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो तिथे तापमानाचा काटा लालमध्ये गेला. गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडून अर्धा तास बसलो. जाणारा-येणारा प्रत्येक जण सल्ला देऊन गेला. एका सद्गृहस्थांनी तर रेडिएटरच्या तापलेल्या झाकणाला फडकं लावून हात घातलाच होता, त्यांना कसंबसं आवरलं.

घरी आल्यावर थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, पंख्याचा पट्टा बघून झाला. सगळं ठीक. मग रात्री रेडिएटरच्या जाळीच्या मागे बॅटरी धरली तर पुढून जेमतेम निम्म्या जाळीतून उजेड दिसला. बाकीची काळ्या ऑइलपेंटने लिंपलेली.

हे कुणी केलं ते माहीत आहे. खंडेनवमीला बाबा गाडी धुऊन, बॉनेट उघडून, दोन इंची ब्रशने रेडिएटरला काळा रंग द्यायचे. १९८८ ते २००९, एकही वर्ष चुकलं नाही. म्हणजे बावीस हात. दुसऱ्या दिवशी त्यावर झेंडूचा हार. गाडी इतकी टिकली ती त्यामुळेच, असं त्यांचं ठाम मत आहे.

आता हा रंग पूर्ण काढून नव्याने हलका हात मारायचा आहे. कशाने काढू? हीट गन माझ्याकडे आहे. शेजारचे म्हणतात भोसरीला सँडब्लास्टिंग करून मिळतं, दहा मिनिटांचं काम. आणि हो, बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

पान्हा_नंबर_बारा

हीट गन परत खोक्यात ठेवा, आधी ते करा.

तुमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे. पितळी नळ्या, तांब्याच्या फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पत्र्या), वर-खाली पितळी टाक्या, आणि हे सगळं शिसं-कथलाच्या डागावर, म्हणजे सोल्डरवर, उभं. तो डाग १८३ अंशांपासून मऊ पडायला लागतो. हीट गनचं तोंड पाचशेच्या वर जातं. रंग सुटेल, पाठोपाठ टाकीही सुटेल.

सँडब्लास्टिंगचं तर नावच नको. ॲलॉय व्हील आणि चासी यांना ते ठीक. फिन म्हणजे कांद्याचा पापुद्रा. वाळूचा मारा बसला की दहा मिनिटांत काम होतंच, रेडिएटरचंही.

सदाशिवपेठी

मुळात रंग काढायचाच कशाला? नवीन जाळी बसवून घ्या, विषय संपला.

किल्लीधारी

@सदाशिवपेठी, चौकशी केली. बाहेरून तशीच दिसणारी ॲल्युमिनियमची मिळते. मूळची तांब्याची चांगली असताना ती बदलायची नाही, हा हट्ट आहे. माझा आहे, बाबांचा नव्हे.

आगाऊ_मुलगी

कॉस्टिक सोडा! आमच्याकडे गेटची ग्रिल अशीच साफ केली होती. गरम पाण्यात कॉस्टिक, रात्रभर बुडवून ठेवलं, सकाळी रंग तळाशी.

धुराडे

@आगाऊ_मुलगी, माझी कहाणी ऐका आणि पुन्हा हा सल्ला कुणाला देऊ नका. माझ्या हॅचबॅकचा रेडिएटर असाच कॉस्टिकच्या पाण्यात बुडवला होता. तो ॲल्युमिनियमचा आहे हे माहीत होतं, पण "थोडा वेळ ठेवू" म्हटलं. दोन मिनिटांत बादलीला उकळी फुटल्यासारखा फेस आला आणि बादली हाताला चटका बसेल इतकी तापली. वीस मिनिटांनी बाहेर काढला तेव्हा फिन्सच्या जागी करडा चिखल होता. बायको म्हणाली, बरं झालं, निदान बाथरूमचा नळ पितळी आहे.

रसायनमाला

मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

धुराडेंच्या बादलीत फेसाबरोबर हायड्रोजन निघत होता. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सोडतं. बंद बाथरूममध्ये कुणी गीझरच्या ज्योतीपाशी हे करत नव्हतं, हे नशीब.

तांब्या-पितळेच्या रेडिएटरला कॉस्टिक लगेच मारत नाही. जुने रेडिएटरवाले जाळी कॉस्टिकच्या गरम टाकीत उकळायचेच. पण कथील आणि शिसं दोन्ही धातू आम्लात विरघळतात तसे अल्कलीतही विरघळतात. म्हणजे रंगाबरोबर डागही हळूहळू जातो. एकदा, अनुभवी माणसाच्या नजरेखाली, मोजून वेळ लावून केलं तर निभावेल. घरी रात्रभर मात्र मुळीच नाही.

काच पुसायच्या किंवा इतर अमोनियावाल्या क्लीनरनेही पितळ घासू नका. ताण असलेल्या पितळाला अमोनिया लागला की ते तडकतं. इंग्रजांच्या काळात इथल्या लष्करी तबेल्यांत ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरायची, म्हणून त्याला "सीझन क्रॅकिंग" नाव पडलं. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण १९२१ साली नीट मांडलं गेलं. टाकीच्या वाकवलेल्या कडांत असाच ताण असतो.

मग उरतो पेंट रिमूव्हर. बाजारातल्या जेलमध्ये बहुधा मिथिलीन क्लोराइड असतं. धातूला ते काही करत नाही, रंगाला मात्र उचलून धरतं. पण ते ४० अंशांच्या आसपास उकळतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये उन्हात ठेवलेला डबा उघडलात तर तोंडावर फवारा येईल. डबा सावलीत गार करा, झाकणावर फडकं टाका, सावकाश उघडा. त्याची वाफ श्वासातून गेली की शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत रंग काढण्यासाठी ते किरकोळ ग्राहकांना विकायला २०१९मध्ये बंदी आली, ती त्यापायी माणसं गेल्यामुळे. गच्चीवर किंवा अंगणात काम करा, सकाळी किंवा संध्याकाळी, आणि शेजारी कुणीतरी असू द्या. पातळ निळे नायट्राइल मोजे त्यापुढे काही मिनिटंही टिकत नाहीत. हाताला थंड लागून चुरचुरलं की मोजे काढून हात धुवा.

शेवटचं म्हणजे कोरडं घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असणार हे धरूनच चाला. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आली तीच २०१७मध्ये. घरात लहान मूल असेल तर ती धूळ चपलेबरोबरही आत येता कामा नये.

सदाशिवपेठी

"थोडं लांबेल" म्हणाल्या होत्या. पण वाचनखूण साठवली.

पान्हा_नंबर_बारा

ताईंनी सगळं सांगितलं, माझी फक्त हाताची भर. जेल लावायच्या आधी होजपाइपच्या दोन्ही तोंडांत रबरी बूच घाला, नसेल तर जुन्या होजचे तुकडे करून लाकडी गुटखे ठोका. झाकण लावलेलं असू द्या पण त्याचं रबर काढून ठेवा, नाहीतर ते फुगून बसेल. आत रिमूव्हर गेला तर धुऊन निघता निघत नाही आणि पुढे होज खराब करतो.

फिन्सवर ब्रश घासाल तर नेहमी फिनच्या दिशेने. आडवा फिरला की गवतासारख्या लोळतात.

किल्लीधारी

अपडेट १.

रेडिएटर काढला. कूलंट खालच्या कॉकने परातीत घेतलं आणि लगेच डब्यात भरलं, कारण आमच्या सोसायटीत चार कुत्री आहेत. हे हिरवं पाणी चवीला गोड असतं आणि कुत्री ते पितात, थोडंही त्यांना मारायला पुरतं. कुणी हे काम करणार असाल तर एवढं एक लक्षात ठेवा.

बोहरी आळीतून जेलचे अर्ध्या लिटरचे दोन डबे, काथ्याची कुंची आणि मेणकापड आणलं. कूलरचा जुना पत्र्याचा ट्रे होता, त्यात रेडिएटर आडवा ठेवला. जेल थापलं, वर मेणकापड झाकलं म्हणजे उडून जाणार नाही. पंधरा मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडल्या. ऊन उतरल्यावर दुधावरची साय ओढावी तसा वरच्या टाकीवरचा थर एका कडेने उचलला, अखंड! कडेला मोजायचा प्रयत्न केला, सतरापर्यंत रेषा स्पष्ट दिसल्या. एका वर्षी काळा संपला असावा, मध्ये एक थर गर्द हिरवा आहे.

आता फजिती. आतला मऊ झालेला रंग उकरायला बायकोची बारीक दातांची जुनी फणी घेतली. जरा वेळाने फणीचे दात एकमेकांना चिकटले आणि मग फणीच वाकली. प्लास्टिक. टूथब्रशचंही तेच, दांडा माझ्या बोटांचा ठसा घेऊन बसला. शेवटी बांबूची काडी सपाट तासून घेतली, ती उत्तम चालली.

टाक्या झाल्या. पण जाळीत फक्त वरचा पाव इंच मोकळा झाला, आत तसाच आहे.

पान्हा_नंबर_बारा

जेल आत उतरत नाही, ते चिकटायलाच बनवलेलं असतं. जाळी आडवी ठेवून सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने फिन्सच्या मध्ये सोडा. झाका, वीस मिनिटं थांबा. मग इंजिनकडच्या बाजूने बागेच्या पाइपने साधं पाणी. रंग जिकडून आत गेला तिकडूनच बाहेर काढायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांच्या प्रेशर गनजवळ नेऊ नका, फिन्स भुईसपाट होतील. तीन-चार फेऱ्या लागतील. घाई असेल तर हा छंद नाही.

रसायनमाला

आणि ते रंगाचं पाणी गटारात नको, किल्लीधारी. गटार शेवटी मुठेला जाऊन मिळतं. ट्रेमध्येच धुवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी उन्हात आटवा. उरलेली साय पत्र्याच्या डब्यात बंद करून डब्यावर काय आहे ते लिहा. ओल्या-सुक्या कचऱ्यात लपवून कचरावाल्या ताईंच्या हातात देऊ नका, त्या हातानेच वेगळं करतात.

आगाऊ_मुलगी

एक बावळट प्रश्न. रेडिएटर काळाच का रंगवतात? काळा रंग उष्णता जास्त बाहेर टाकतो म्हणून ना? मग काकांचं चूक कुठे झालं?

उष्मागतिकी

बावळट नाही, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

काळा पृष्ठभाग प्रारणाने, म्हणजे नुसत्या किरणांवाटे, जास्त उष्णता फेकतो हे खरं. पण किती? जाळीचं तोंड साधारण दीड फूट बाय दीड फूट धरा, तापमान ९० अंश, बाहेर ३५. जाळी आदर्श काळी असली तरी पुढून-मागून मिळून प्रारणाने जेमतेम २०० वॅट जातात. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन घाट चढताना पाण्यात जी उष्णता ओततं ती किलोवॅटमध्ये, दहा-वीसच्या घरात. म्हणजे काळेपणाचा वाटा शंभरात एक-दोन. नाव "रेडिएटर" असलं तरी खरं काम फिन्समधून वाहणारी हवा करते.

आता काकांचा हिशेब. ब्रशचा एक हात सुकल्यावर ३०-४० मायक्रॉनचा. बावीस हात म्हणजे पाऊण मिलिमीटर, आणि फिनच्या दोन्ही बाजू धरल्या तर दीड. फिन्समधली फट असते दोन-तीन मिलिमीटर. जाळीच्या तोंडाशी हवेची निम्मी वाटच बंद! वर रंग स्वतः उष्णतेचा वाईट वाहक, तो वेगळा.

पहिल्या हाताने काहीच बिघडलं नसेल. दहाव्याने हिवाळ्यात कळलं नसेल. दिवे घाटात, मार्चच्या दुपारी, चार माणसं बसलेली असताना बावीसावा मोजला गेला.

सदाशिवपेठी

मग रंगवूच नका की. तांब्याचे बंब आपल्या आज्या चिंच-मीठ लावून घासत होत्याच. पितांबरी आणा, महिन्यातून एकदा लख्ख करा, बॉनेट उघडं ठेवून लक्ष्मी रोडने फिरा.

उष्मागतिकी

पूर्ण कोरा ठेवला तरी थंड करायच्या कामात फरक पडणार नाही. रस्त्यावरचं पाणी आणि चिखल यांनी हिरवट गंज चढतो, तेवढ्यासाठी पातळ हात बरा. मी असतो तर टाक्यांना नीट रंग, जाळीवर नुसती भुरभुर.

किल्लीधारी

अपडेट २. वाईट बातमी.

चार फेऱ्यांनी जाळी आरपार मोकळी झाली. मागून बॅटरी धरली तर आता सगळीकडून उजेड. खूश होऊन बूच बसवलेला रेडिएटर पाण्याने भरला, तर खालच्या टाकीच्या कोपऱ्यातून थेंब. वरच्या बाजूला दुसरा. त्या दुसऱ्या ठिकाणी रंगाखाली एम-सीलचा गोळा होता, तो रिमूव्हरने मऊ होऊन निघून आला. म्हणजे कधीतरी गळती झाली होती, कुणीतरी थापलं, आणि त्यावर वर्षानुवर्षं रंग चढत गेला.

नाना पेठेत रेडिएटरचं काम करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी हवा भरून हौदात बुडवला. तिसराही बुडबुडा निघाला. म्हणाले, "रंगानेच धरून ठेवलं होतं. तुम्ही धरणारा काढून टाकला."

पान्हा_नंबर_बारा

वाईट नाही, चांगली बातमी आहे. ही गळती घाटात उघडी पडली असती. चाचांना सांगा, हवा झाकणावर छापलेल्या आकड्याइतकीच भरायची, जुन्या टाकीला त्यापलीकडे फुगवू नये. आणि डाग द्यायच्या आधी टाकी उघडतच असतील तर नळ्यांतून पट्टीही फिरवून घ्या. बाहेरून बावीस दसरे, आतून छत्तीस-सदतीस वर्षांचा क्षार.

कसब्याचा

मी तांबट आळीजवळ वाढलो, दिवसभर ठोक्यांच्या आवाजात. रेडिएटरचा डाग आणि भांड्यांची कल्हई ही सख्खी भावंडं. दोन्हीकडे तेच कथील आणि तोच नवसागर. नवसागर टाकल्यावर जो पांढरा धूर उठतो त्याने धातूवरचा मळ सुटतो आणि मग कथील पाण्यासारखं पसरतं. जागा चकचकीत नसेल तर कितीही ओता, मण्यांसारखं घरंगळून जातं. म्हणून तुमचा रंग काढलेला असणं चाचांच्या फायद्याचंच. डाग दिल्यावर नवसागर मात्र गरम पाण्याने नीट धुऊन टाकायला सांगा, राहिला तर हिरवं चढतं आणि त्यावर रंग धरत नाही.

किल्लीधारी

अपडेट ३.

तीन डाग दिले, नळ्या साफ करून घेतल्या, पुन्हा हौदात बुडवला, एकही बुडबुडा नाही. चाचांनी नळ्यांतून निघालेला क्षार पुडीत बांधून दिला, आठवण म्हणून. आमच्याकडे मध्ये काही वर्षं बोअरचं पाणी होतं आणि तेच गाडीत जायचं, त्याचा प्रसाद. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच.

आणि बाबांना कळलं. रेडिएटर हॉलमध्ये वर्तमानपत्रावर ठेवला होता, ते दुपारी झोपून उठले आणि समोर बसले. मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. त्यांनी बोटाने टाकी घासून बघितली आणि म्हणाले, "हे पितळ आहे होय? मला वाटायचं लोखंड. गंजू नये म्हणून मारत होतो."

मग बराच वेळ हिरवा थर कुठल्या वर्षीचा यावर विचार करत बसले. आजीच्या कपाटाला दिलेला रंग उरला होता म्हणे, १९९६.

रसायनमाला

तो थराचा तुकडा टाकू नका. पिशवीत बंद करून ठेवा, चार वेळा हात धुवा, पण टाकू नका.

आगाऊ_मुलगी

काकांना नमस्कार सांगा _/\_

धुराडे

रंग कुठला मारला शेवटी? सायलेन्सरचा सहाशे डिग्रीवाला स्प्रे माझ्याकडे पडून आहे, पाठवू का?

पान्हा_नंबर_बारा

नको. तो सिलिकॉनचा रंग पक्का व्हायला साधारण दोनशे अंशांची भट्टी लागते. रेडिएटर शंभराच्या आसपासच राहतो, तो रंग कायम अर्धवट कच्चा राहील आणि नखाने निघेल. साधा मॅट काळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, थिनर नेहमीपेक्षा जास्त. टाक्यांना आधी एच प्रायमरचा (धातूला धरून बसणारा अस्तराचा रंग) पातळ हात. जाळीवर समोरून सरळ नाही तर तिरका फवारा, चारही बाजूंनी एकेक, गन चालती ठेवून. पलीकडून बघितलं तर आत तांबं दिसत राहिलं पाहिजे. तेवढ्यावर थांबायचं, "अजून एक हात" म्हणायचं नाही.

किल्लीधारी

अपडेट ४, शेवटचा.

वरीलप्रमाणे रंग केला. जाळी काळी नाही, चॉकलेटी दिसते, कारण आतून तांबं डोकावतं. गाडीत बसवला, हवा नीट काढली (इंजिन चालू, झाकण उघडं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबून वरून भरत राहिलो).

काल बाबांना घेऊन पुन्हा जेजुरी. दुपारी एकची वेळ मुद्दाम निवडली. दिवे घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, एका ट्रकच्या मागे रांगत, काटा मध्याच्या जरासा वर गेला आणि तिथेच थांबला. वर सपाटीला आल्यावर परत खाली. बाबा पूर्ण घाटभर रस्त्याकडे न बघता काट्याकडे बघत होते. सासवडला चहा घेताना त्यांनी विचारलं, खंडेनवमीला आता काय रंगवायचं.

चारही चाकांच्या ब्रेक ड्रमना सिल्व्हर मारायचं असं त्यांनी ठरवलं आहे. चालेल ना? का वेगळा धागा काढू?

पान्हा_नंबर_बारा

चालेल. फक्त बाहेरून.